उंदीर कुणाचा? मुंबईची चाळ, प्लेग आणि कायद्यातला एक ‘किंवा’

मुंबई, एप्रिल १९०३. शहरातल्या एका मोठ्या चाळीत महिन्याच्या पहिल्या आठवड्यात उंदीर मरून पडू लागले. थोडेथोडके नव्हेत, ढिगाने. मग हे मरणे एकाएकी थांबले. चाळकऱ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल-नसेल, तोच पिसवांचा उपद्रव सुरू झाला. तो इतका वाढला की खोल्यांत झोपणे अशक्य झाले आणि माणसे बाहेर व्हरांड्यात येऊन निजू लागली. १७ एप्रिलला व्हरांड्यात निजणाऱ्यांपैकी एकाला प्लेग झाला. त्याच दिवशी शेजारच्या खोलीतला एक जण आजारी पडला. (थ्रेड)

ही हकिकत नोंदवून ठेवली ती डब्ल्यू. ग्लेन लिस्टन या डॉक्टरने. २० एप्रिलला त्या चाळीतल्या माणसांच्या अंगावर सापडलेल्या ३० पिसवा त्याने तपासल्या. त्यांतल्या १४ पिसवा माणसाच्या नव्हत्या, उंदराच्या होत्या. उंदीर मेले, पिसवा पोरक्या झाल्या आणि भुकेपोटी माणसाकडे वळल्या. प्लेग घरात कसा शिरतो, याचे हे त्या काळातले सर्वांत स्पष्ट चित्र.

या चित्रात उंदीर आहेत, पिसवा आहेत, भाडेकरू आहेत, डॉक्टरही आहे. एक माणूस मात्र कुठेच दिसत नाही. तो म्हणजे दर महिन्याला त्या खोल्यांचे भाडे घेणारा चाळीचा मालक. ज्या भिंतींत आणि छपरात ते उंदीर राहत होते, ती भिंत आणि ते छप्पर त्याचे होते. मग उंदीर कुणाचे?

हा प्रश्न आज विनोदी वाटतो. भाड्याच्या घरात झुरळे झाली तर औषधफवारणीचा खर्च कुणी करायचा, यावरून होणारी कुरबुर सगळ्यांच्या परिचयाची आहे. परंतु मुंबईत एके काळी या कुरबुरीवर माणसांचे जगणे-मरणे अवलंबून होते. तिचा इतिहास समजून घेण्यासाठी आधी साठ वर्षे मागे आणि बराच लांब, इंग्लंडच्या समुद्रकिनाऱ्यावर जावे लागते. कारण मुंबईच्या चाळीला लागू झालेल्या कायद्याची मुळे तिथे आहेत.

१८४२ च्या सप्टेंबरात सर थॉमस मॅरेबल यांच्या कुटुंबाने ब्रायटन इथे हवापालटासाठी एक सजवलेले घर भाड्याने घेतले. भाडे आठवड्याला ८ गिनी, मुदत पाच-सहा आठवडे. घरात पाऊल ठेवताच कळले की तिथे आधीपासूनच ढेकणांचे राज्य आहे. आठवडाभर कसाबसा काढून, त्या आठवड्याचे भाडे देऊन कुटुंबाने किल्ली परत केली. मालक स्मिथ यांनी उरलेल्या भाड्यासाठी दावा लावला. १८४३ मध्ये न्यायालयाने निकाल दिला तो भाडेकरूच्या बाजूने. घर राहण्यासाठी म्हणून दिले असेल तर ते राहण्याजोगे असले पाहिजे, ही अट करारात लिहिलेली नसली तरी गृहीत धरावी, असा त्याचा आशय. ‘स्मिथ विरुद्ध मॅरेबल’ हा खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवला जातो.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि पुढचा भाग सहसा सांगितला जात नाही. त्याच वर्षी ‘हार्ट विरुद्ध विंडसर’ हा दुसरा खटला त्याच न्यायालयापुढे आला. याही घरात ढेकूणच होते. न्यायाधीश पार्क हे दोन्ही खटल्यांत होते. निकाल मात्र उलट लागला. कारण? हे घर रिकामे, बिनसामानाचे होते. रिकामे घर म्हणजे कायद्याच्या दृष्टीने जमिनीचाच एक तुकडा. तो घेणाऱ्याने डोळे उघडे ठेवून घ्यावा, पुढे काही निघाले तर ते त्याचे नशीब.

म्हणजे खुर्ची-पलंगासह घर घेणाऱ्या श्रीमंताला ढेकणांपासून संरक्षण मिळाले आणि चार भिंती तेवढ्या भाड्याने घेणाऱ्या गरिबाला ते नाकारले गेले. न्यायाधीशांच्या मनात असा भेद असेलच असे नाही, पण परिणाम हाच झाला. पुढे १८८५ मध्ये इंग्लंडच्या संसदेने कामगारांच्या भाड्याच्या घरांपुरती ही चूक दुरुस्त केली. अशा घराबाबत ते माणसाला राहण्यायोग्य असल्याची अट कायद्यानेच गृहीत धरली जाऊ लागली. हिंदुस्थानात अशी दुरुस्ती कुणी केली नाही.

इथे आला तो १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण अधिनियम. मुंबई इलाख्याला तर तो लागू झाला १ जानेवारी १८९३ पासून, म्हणजे प्लेग यायच्या जेमतेम पावणेचार वर्षे आधी. त्याच्या १०८ व्या कलमात मालक आणि भाडेकरू यांची कर्तव्ये मांडली आहेत. वास्तूत एखादा गंभीर दोष असेल, मालकाला तो ठाऊक असेल आणि भाडेकरूला नेहमीची काळजी घेऊनही तो कळण्यासारखा नसेल, तर मालकाने तो सांगितला पाहिजे. भाडेकरूने घर घेतले त्या स्थितीत राखले पाहिजे, वापरामुळे होणारी झीज वगळता. मालकाने करायची दुरुस्ती त्याने केली नाही, तर भाडेकरूने ती करून खर्च भाड्यातून वळता करावा. पण मुळात मालकाने कोणती दुरुस्ती करायची? ते करारावर सोडलेले. आणि चाळीतल्या खोलीचा लेखी करार तो कुठला! महिन्याच्या महिन्याला भाडे द्यायचे आणि राहायचे, एवढाच व्यवहार.

आता १८९६. सप्टेंबर महिना, मांडवी बंदराचा परिसर. डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस यांनी तिथल्या रुग्णांचा ताप हा ग्रंथिक सन्निपात, म्हणजे गाठीचा प्लेग आहे हे ओळखले. मांडवीच का, याचे उत्तर घरांच्या रचनेत आहे. बंदरात उतरलेले धान्य इथल्या वखारींत साठे आणि पुष्कळ ठिकाणी तळमजल्यावर वखार, वरच्या मजल्यांवर बिऱ्हाडे अशी व्यवस्था होती. खालचा भाडेकरू पोत्यांसोबत उंदीर पोसतो, वरचा भाडेकरू त्यांच्यासह राहतो आणि मालक दोघांकडून भाडे घेतो. इथे जबाबदारी कुणाची, हे ठरवणे शहाण्या न्यायाधीशालाही जड गेले असते.

चाळीची आणखी एक जागा ध्यानात घ्यायला हवी, ती म्हणजे घरगल्ली. दोन इमारतींच्या पाठींमधली ती अरुंद बोळ. शौचकूप तिथे, मोरीचे पाणी तिथे आणि वरच्या खिडक्यांतून टाकलेले खरकटेही तिथेच. जागा मालकाची, कचरा भाडेकरूंचा, सफाई महापालिकेच्या हलालखोरांची. त्यासाठी ‘हलालखोर कर’ या नावाचा वेगळा करच होता. तिघांची म्हणून ती कुणाचीच नव्हती, आणि उंदराला याहून सोयीची मालमत्ता दुसरी मिळणे अवघड. या सफाई कामगारांवर शहर किती अवलंबून होते, हे प्लेगच्या पहिल्याच महिन्यांत उघड झाले. महापालिका आयुक्त स्नो यांनी सक्तीच्या विलगीकरणाचा आग्रह सैल केला, त्यामागे हलालखोर शहर सोडून पळतील ही भीतीही होती.

कायदा काय म्हणत होता? मुंबई शहर महापालिका अधिनियम, १८८८ ने आयुक्तांना भरपूर अधिकार दिले होते. घर स्वच्छ करून घ्या, चुना लावा, पडकी जागा साफ करा, अशा नोटिसा त्यांना काढता येत. या नोटिसा कुणावर बजावायच्या? अधिनियमात पुनःपुन्हा येणारा शब्दप्रयोग आहे ‘मालक किंवा भोगवटादार’. कारकुनाच्या सोयीसाठी घातलेला हा ‘किंवा’. मालक सापडला नाही तर राहणाऱ्याला धरा. पण अनेक चाळींत मालक दूर राहत असे आणि भाडेवसुली मक्त्याने घेतलेला मधला माणूस सगळा कारभार पाही. सापडे तो राहणारा. तो दाराआडच असे.

शिवाय महापालिकेत घरमालकांचे वजन मोठे होते. मताचा अधिकार कर भरण्याशी जोडलेला असल्याने चाळीतल्या साध्या भाडेकरूला मतच नव्हते. भाड्याच्या आधारे सामान्य भाडेकरूला मत मिळाले ते १९२० च्या दशकात. ज्या सभागृहाने मालकांना नोटिसा काढायच्या, तिथे मालकच बसलेले. या एका वस्तुस्थितीवरून पुढच्या कितीतरी गोष्टींचा उलगडा होतो.

फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम आला आणि मार्चमध्ये जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती. घरांची झडती, रुग्णाला इस्पितळात, नातलगांना छावणीत नेणे, कपडे-अंथरुणे जाळणे, भिंतींवर आणि जमिनीवर जंतुनाशकाचा मारा. उजेड आत यावा म्हणून छपराची कौले काढली जात. प्लेग सापडलेल्या घरांच्या दर्शनी भागावर वर्तुळे रंगवली जात. त्या काळच्या छायाचित्रांत एकेका दाराभोवती अशी अनेक वर्तुळे दिसतात. प्रत्येक वर्तुळ म्हणजे एक मृत्यू.

पुण्यातली झडती, रँडचा खून, लोकमान्यांवरचा खटला हे सारे मराठी वाचकाला पाठ आहे. पण घराच्या अंगाने पाहिले तर यात वेगळेच काही दिसते. जळाली ती भाडेकरूची गोधडी. छावणीत गेले ते भाडेकरूचे बिऱ्हाड. मालकाच्या वाट्याला आला तो मुख्यतः चुन्याचा हात आणि काही महिन्यांचे बुडालेले भाडे. १८९६-९७ च्या हिवाळ्यात लाखो माणसे शहर सोडून गेली, त्यामुळे तेही बुडाले. १८९१ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या ८,२१,७६४ होती. १९०१ मध्ये ती ७,७६,००६ भरली.

या ओझ्याच्या वाटणीमागे एक वैद्यकीय समजूत होती. प्लेग घाणीतून, कोंदट हवेतून, दूषित जमिनीतून आणि रुग्णाच्या कपड्यांतून पसरतो, असे बहुसंख्य अधिकारी मानत. घाण कोण करते? राहणारा. म्हणजे दोषी तोच. त्याच्या सवयी, त्याची गर्दी, त्याचे अज्ञान. अधिकाऱ्यांना ही मांडणी सोयीची होती आणि मालकांना तर त्याहून अधिक.

तिला पहिला धक्का दिला पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरने. मुंबईत काम केल्यानंतर १८९८ च्या जूनमध्ये कराचीत त्याने प्रयोगाने दाखवले की प्लेग उंदराकडून उंदराकडे पिसवांमार्फत जातो. त्याचे कुणी फारसे मनावर घेतले नाही. सरकारने नेमलेल्या इंडियन प्लेग कमिशननेही ते मान्य केले नाही. मग लिस्टनची ती चाळ आली आणि १९०५ पासून परळच्या प्रयोगशाळेत प्लेग संशोधनाचे मोठे काम सुरू झाले. ही प्रयोगशाळा म्हणजेच आजची हाफकिन इन्स्टिट्यूट.

त्या कामातला एक प्रयोग या विषयाच्या दृष्टीने फार मोलाचा आहे. संशोधकांनी सहा लहान खोल्या बांधल्या, दोन-दोनच्या जोड्यांत. फरक मुख्यतः छपराचा. पहिल्या जोडीला देशी कौले, म्हणजे मुंबईच्या साध्या घरांवर असत तशी. त्यांच्या फटींत उंदराला आरामात घर करता येई. दुसऱ्या जोडीला घट्ट बसणारी मंगलोरी कौले. तिथे उंदराला राहणे कठीण, पण अशक्य नाही. तिसऱ्या जोडीला नालीदार पत्रा, जिथे उंदराला थाराच नाही. छपराखाली तारेची जाळी, म्हणजे उंदीर खाली उतरू नये, पण पिसवा खाली पडाव्यात. आणि खाली जमिनीवर निरोगी गिनीपिग.

छपरातल्या उंदरांत प्लेग पसरला आणि उंदराचा स्पर्शही न झालेले खालचे गिनीपिग मरू लागले. आणखी एक बारकावा असा की, दूषित खोलीत जमिनीपासून दोन इंचांवर टांगलेल्या पिंजऱ्यातल्या प्राण्याला प्लेग होई, दोन फुटांवर टांगलेल्याला होत नसे. पिसू तेवढी उडी मारू शकत नाही. हवेतून रोग येत असता तर दोन फुटांचा काय पाड? कोंदट हवेचा सिद्धान्त त्या दोन फुटांत संपला.

संशोधकांना पुढे हेही दिसले की साथ आधी गटारांतल्या तपकिरी उंदरांत येते, काही दिवसांनी घरातल्या काळ्या उंदरांत आणि त्यानंतर माणसांत. गटार महापालिकेचे, छप्पर मालकाचे आणि शेवटी माणूस भाडेकरू. रोगाच्या वाटेवर जबाबदारीचे टप्पे जणू आखून दिले होते. राहणाऱ्याच्या सवयींचा संबंध नव्हता असे नाही, उघडे धान्य आणि खरकटे उंदराला बोलावतेच. परंतु उंदीर राहतो तो वास्तूच्या पोकळीत: कौलांखाली, दुहेरी भिंतीत, मातीच्या जमिनीखाली. ती पोकळी बुजवणे भाडेकरूच्या हातात नव्हते. एका खोलीतल्या बिऱ्हाडाने चाळीचे छप्पर कसे बदलावे? १९११ च्या जनगणनेनुसार मुंबईतले सुमारे ६९ टक्के लोक एकेका खोलीत राहत, खोलीत सरासरी साडेचार माणसे.

विज्ञानाने असे बोट मालकाच्या छपराकडे दाखवले. इतिहास सरळ रेषेत चालत असता, तर यानंतर लगेच मालकांवर उंदीर-प्रतिबंधक बांधकामाची सक्ती झाली असती. तसे झाले नाही, आणि का झाले नाही हाच या साऱ्या प्रकरणातला खरा चटका लावणारा भाग आहे.

झाले असे की उत्तर आधीच तयार होते. प्रश्नाचे रूप मागाहून बदलले. १८९८ मध्येच मुंबई सुधार ट्रस्ट स्थापन झाला होता, तो घाण आणि कोंदट हवेच्या सिद्धान्तावर. दाट वस्ती पाडा, रुंद रस्ते काढा, समुद्राचे वारे शहरात खेळू द्या. १९१० च्या दशकात ट्रस्टचे अध्यक्ष असलेले जे. पी. ऑर हे मालकांचे कठोर टीकाकार होते. अंधाऱ्या खोल्या बांधून भाडे उकळणाऱ्यांना त्यांनी सोडले नाही. त्यांचा आवडता नियम साडेत्रेसष्ट अंशांचा: खोलीसमोर, समोरच्या भिंतीच्या उंचीच्या निम्मी तरी मोकळी जागा असावी, म्हणजे उजेड आत पोचेल. नियम चांगलाच होता. पण तो उजेडाचा होता, उंदराचा नव्हता.

आणि राहण्यास अयोग्य ठरलेल्या घराचे काय होई? ते रिकामे करवले जाई किंवा पाडले जाई. भाडेकरू बाहेर. ट्रस्टने सुरुवातीच्या वर्षांत पाडले पुष्कळ आणि बांधले त्या मानाने फार कमी. विस्थापित माणसे शेजारच्या विभागांत दाटीवाटीने शिरली आणि तिथल्या मालकांना चढे भाडे मिळू लागले. घर वाईट म्हणून मालकाकडे तक्रार करावी, तर शिक्षा म्हणून आपलेच घर जावे, अशी ही रचना. अशा वेळी भाडेकरू तक्रार करील कशाला?

डासांच्या बाबतीत मात्र चित्र निराळे होते, आणि तुलनेसाठी ते पाहण्यासारखे आहे. १९११ मध्ये डॉ. सी. ए. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी केली. हिवताप पसरवणारा डास घरांच्या आवारातल्या विहिरींत वाढतो, हे त्यांनी दाखवले. विहीर कुणाची हे सांगायला कागद लागत नाही. ती बुजवा किंवा झाका, असे मालकाला थेट सांगता आले. विरोध झाला, तोही धर्माच्या आधारे. पारशी आणि हिंदू अशा दोन्ही समाजांना विहिरीचे पाणी विधींसाठी हवे होते. वाद जोरात झाला, पण निदान कुणाशी वाद घालायचा ते ठाऊक होते. डासाला पत्ता होता. उंदराला नव्हता.

पहिल्या महायुद्धात भाडी कडाडली आणि १९१८ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा पहिला कायदा आला. लहान घरांची भाडी १ जानेवारी १९१६ च्या पातळीवर रोखली गेली. १९२० च्या दशकात सरकार स्वतःच मोठे घरमालक झाले: विकास खात्याने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड इथे बांधलेल्या २०७ काँक्रीटच्या बीडीडी चाळी. तिथे कौलांची फट नव्हती. प्लेगही एव्हाना ओसरत चालला होता. देशभर या साथीने सुमारे १ कोटी २० लाख माणसे नेली होती.

मग १९४७ चा मुंबई भाडे नियंत्रण कायदा. प्रमाणभूत भाड्यासाठी आधार धरली १ सप्टेंबर १९४० ही तारीख. वास्तू चांगल्या स्थितीत राखण्याचे कर्तव्य आता कायद्याने मालकावर आले. कागदावर पाहिले तर भाडेकरूचा विजय. परंतु १९४० चे भाडे घेऊन १९६० ची दुरुस्ती कोण करणार? मालकांनी हात आखडता घेतला, आणि त्यांचा हिशेब निव्वळ लबाडीचा होता असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. भाड्यात चुन्याची गोणीही येईना. भाडेकरूही पागडी देऊन आलेला, म्हणजे अर्धा मालकच; तो खोली सोडेना. दोघेही एकाच गळक्या छपराखाली एकमेकांची वाट पाहत राहिले. उंदरांना हे मानवले.

शेवटी १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ स्थापन झाले, उपकर बसला आणि १९,६४२ जुन्या इमारतींची दुरुस्ती सार्वजनिक जबाबदारी बनली. गोठवलेले प्रमाणभूत भाडे आता न्याय्य राहिलेले नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९७ च्या डिसेंबरात, मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यात म्हटले.

सध्याचा महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम १९९९ चा. त्याचे १४ वे कलम मालकाला घर राहण्याजोग्या दुरुस्त स्थितीत राखायला सांगते. नोटीस देऊनही त्याने १५ दिवसांत ते केले नाही, तर भाडेकरूने दुरुस्ती करावी आणि खर्च भाड्यातून कापावा, मात्र वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त नाही. २९ व्या कलमात मालकाने तोडू नयेत अशा सेवांची नावे आहेत: पाणी, वीज, जिन्यातला दिवा, लिफ्ट, सफाई. भिंतीतले भोक म्हणजे दुरुस्ती. त्या भोकातला उंदीर म्हणजे काय, याबद्दल कायदा मौन पाळतो.

रस्त्यांवर आणि गल्ल्यांत महापालिका आजही रात्रपाळीचे मूषकसंहारक पाठवते. हातात काठी आणि विजेरी, रात्रीला ३० उंदीर मारण्याचे बंधन. त्यांची हद्द घराच्या दारापाशी संपते. दाराच्या आत पुन्हा तोच ‘किंवा’.

इंग्लंडने तो सोडवायला बराच वेळ घेतला. १८८५ च्या कायद्यातले संरक्षण ठरावीक भाड्याखालच्या घरांनाच होते. भाडी वाढत गेली, मर्यादा मागे पडली आणि तरतूद निव्वळ शोभेची उरली. २०१८ च्या नव्या कायद्याने ती मर्यादाच काढून टाकली. १८४३ मध्ये हार्टच्या रिकाम्या घरातल्या भाडेकरूला जे नाकारले गेले, ते तिथल्या भाडेकरूंना मार्च २०१९ पासून मिळू लागले.

भारतात २०२१ मध्ये केंद्र सरकारने आदर्श भाडेकरार अधिनियम तयार केला. राज्यांनी तो नमुना म्हणून वापरावा, अशी अपेक्षा. त्याच्या दुसऱ्या परिशिष्टात घराच्या देखभालीची वाटणी दोन याद्यांत केली आहे. मालकाकडे वास्तूची मोठी दुरुस्ती, भिंतींना रंग-चुना, नळाच्या वाहिन्या, विजेच्या तारा. भाडेकरूकडे नळाचे वायसर, तुंबलेली मोरी, बटणे, कुलपे, खिडकीच्या काचा. उंदीर, ढेकूण किंवा झुरळ यांतला कुणीही दोन्ही याद्यांत नाही. कीटकांचा माग लागतो तो एकाच नोंदीत, खिडकीला लावायच्या माश्यांच्या जाळीत. ती फाटली तर बदलायची भाडेकरूने.